४९९ रुपयांचा ट्रेक नेमका कोणाच्या जिवावर?



मे महिना उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, मान्सून ट्रेकचा बिझनेस सुरू करायचाय, भांडवल किती लागेल?" विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीच्या आतला. इन्स्टावर दोन-तीन हजार फॉलोअर, आणि पोस्टर आधीच तयार. पोस्टरवर राऊतवाडीचा धबधबा आणि खाली ठळक अक्षरात "फक्त ४९९/-".

माझं म्हणणं स्पष्ट आहे. भांडवलाचं नंतर बघू. आधी दुसऱ्याच्या इव्हेंटमध्ये पैसे भरून भाग घ्या. निदान दोन वेळा. ओळखीने फुकट जाऊ नका, रांगेत उभं राहून जा. गिऱ्हाईक म्हणून पाय भिजल्याशिवाय हा धंदा कळत नाही.

कुठे जायचं? पहिलं म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, तीच वाट. दर जुलैमध्ये कितीतरी संस्था ही मोहीम काढतात. मसाई पठार, करपेवाडी, पांढरेपाणी असं करत दोन दिवस चिखलातून चालायचं. चालताना बघा, की शेवटच्या माणसाच्या मागे कोण आहे. वाट चुकू नये म्हणून काय खुणा केल्यात. मुक्कामाला ओले कपडे कुठे टाकतात, जेवण कोण करतं आणि त्या वाडीतल्या घराला किती पैसे मिळतात. हे सगळं वहीत लिहा.

दुसरं, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून चालू आहे. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत यायचं, २१ किलोमीटर. धावता येत नसेल तर स्वयंसेवक म्हणून उभे राहा, पण शक्यतो धावाच. पाण्याचं टेबल किती अंतरावर आहे, ते तिथेच का आहे, हे घाट चढताना छाती भरून आली की आपोआप कळतं. आणि आदल्या दिवशी साताऱ्यात फिरा. लॉज, खानावळ, पेढ्याचं दुकान, रिक्षा, सगळीकडे बाहेरगावचे धावपटू. इव्हेंट एकाचा असतो, पण गल्ला अख्ख्या गावाचा भरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

आता ४९९ चा हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतोय, तुमचे थोडे वेगळे येतील. कोल्हापूरहून राधानगरी, ५० माणसं. बस ९,००० रुपये. नाश्ता आणि जेवण माणशी २०० प्रमाणे १०,०००. गावातले पाच वाटाडे, प्रत्येकी १,०००, म्हणजे ५,०००. विमा २,५००. दोर, प्रथमोपचार, शिट्ट्या वगैरे १,५००. झाले २८,०००. फी ४९९ घेतली तर जमा २४,९५०. म्हणजे तुमचा एक रुपया नफा न धरताच ३,०५० रुपयांचा खड्डा. हा खड्डा कसा भरतात माहितीये? बसवाला कमी करत नाही, जेवण कमी केलं तर लोक रिव्ह्यू खराब देतात. मग तीन वाटाडे कमी करतात. ३,००० वाचले, हिशोब जवळपास जुळला. आणि नफा? तो विम्यातून.

म्हणजे ५० माणसं, धुकं, निसरडी वाट आणि दोन वाटाडे. माझ्या दुकानासमोर गेल्या पावसाळ्यात अशीच एक बस थांबली होती. अंधार पडला तरी तीन पोरी खाली आल्या नव्हत्या. आयोजक बसमध्ये बसून फोन लावत होता, आणि वर रेंज नाही. शेवटी गावातलीच पोरं बॅटऱ्या घेऊन गेली आणि त्यांना घेऊन आली. त्या पोरांना त्या दिवशी कोणी चहासुद्धा विचारला नाही. मला राग त्याचा जास्त आला.

तुम्ही म्हणाल, आम्ही फॉर्मवर सही घेतो. घ्या की. पण निष्काळजीपणा झाला तर तो कागद तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका. २०२१ च्या मे महिन्यात चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. हवामान अचानक फिरलं, गारा, थंड पाऊस, सोसाट्याचा वारा. १७२ पैकी २१ जण गेले, त्यात नावाजलेले धावपटूही होते. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट जवळ असणं तिथे सक्तीचं नव्हतं. उलट आल्प्समधली मों ब्लांची मोठी शर्यत बघा, २००३ पासून होते. तिथे जाकीट, बॅटरी असं ठरलेलं सामान सोबत नसेल तर भाग घेता येत नाही. एवढं मोठं नाव असून ते गिऱ्हाइकाला "नाही" म्हणतात. आपल्याला एक बुकिंग सोडायला जड जातं.

कागदपत्रांचंही बघा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. शिवाय राधानगरी हे अभयारण्य आहे, गव्यांचं घर. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आहे. वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. "एका ओळखीच्याने सांगितलंय, कोण अडवत नाही" हा बिझनेस प्लॅन नव्हे.

एवढं ऐकून काही जण म्हणतात, "सर, तुम्ही घाबरवताय." नाही भावा. ७०० रुपये फी लावा. त्याच ५० माणसांत ३५,००० जमा, खर्च जाऊन ७,००० उरतात, आणि पाचही वाटाडे सोबत राहतात. माणसं कमी येतील? येऊ देत. ३० आली तर छोटी गाडी करा, वाटाडेही त्या प्रमाणात घ्या, पण दोनवर येऊ नका.

आणि साताऱ्याचा मुद्दा. प्रत्येकाने आयोजकच व्हायला पाहिजे असं कुठे आहे? जुलैमध्ये माझ्या दुकानात रविवारी सगळ्यात जास्त काय मागतात सांगू? रेनकोट, मोबाईलला प्लास्टिक पिशवी, बॅटरीचे सेल, आणि जळवांसाठी मीठ. पण विकत मिळत नाही अशी एक गोष्ट रोज विचारतात: "कपडे बदलायला जागा आहे का? गरम पाणी मिळेल का?" विशेषतः बायका विचारतात. एक स्वच्छ खोली, आतून कडी, चुलीवर तापलेलं पाणी, माणशी ५० रुपये. वर नाचणीची भाकरी आणि झुणका. रेनकोट, काठ्या भाड्याने. यात कोणाचा जीव तुमच्या हातात नाही, आणि भांडवल त्या पोस्टरवाल्या पोराच्या मोबाईलपेक्षा कमी.

ज्यांना तरीही ट्रेकच काढायचाय, त्यांनी पाऊस पडायच्या आत कामाला लागा. मे महिन्यात, काजव्यांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, वाडीतल्या वाटाड्यांना भेटा, दर ठरवा, ॲडव्हान्स द्या. परवानगीची वाट त्यांच्यासोबत एकदा कोरडी चालून घ्या, आणि जूनच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर परत एकदा. कुठल्या ओढ्याला किती पाणी आलं की मागे फिरायचं, ते त्यांना विचारून त्या दगडावर खूण करून ठेवा.