काळ्या वेष्टनाची कैफियत

मेटॅलिका या ज्या हेवी मेटल वृंदाने 1988 साली पावणेदहा मिनिटांपर्यंत लांबणारी, वळणावळणांवर ताल पालटणारी गीते रचून श्रोत्यांच्या चिकाटीची परीक्षा पाहिली होती, त्याच वृंदाने 1991 च्या ऑगस्टात, बॉब रॉक या निर्मात्याच्या साह्याने, संथ ठेक्याची, आटोपशीर आणि रेडिओला मानवणारी गीते काळ्या वेष्टनातून बाजारात आणली, तेव्हा जुन्या अनुयायांनी विश्वासघाताची फिर्याद गुदरली. नव्या श्रोत्यांनी मात्र एकट्या अमेरिकेत आजवर दीड कोटींहून अधिक प्रती घरी नेल्या. पुढे 1996 साली ‘लोड’ या तबकडीच्या वेळी वादक आखूड केसांनिशी अवतरले, आणि (संगीताच्या वादात केशसंभारही मुद्देमाल म्हणून दाखल व्हावा, ही गंमतच!) फिर्यादीला नवे कलम जोडले गेले.

गीतांच्या श्रवणसंख्येची मोजदाद क्षणोक्षणी जाहीर होण्याच्या आजच्या काळात लोकप्रियता हाच आरोप कधी ठरतो, हे तपासण्यासाठी प्रस्तुत अंकात आम्ही उभय पक्षांच्या जबान्या नोंदविल्या आहेत. न्यायासनावर बसण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आधीच्या ध्वनिमुद्रणात जवळजवळ लुप्त झालेला बास गिटारचा स्वर या काळ्या तबकडीत पुन्हा स्पष्ट ऐकू येतो, तेव्हा तिला निव्वळ बाजारी तडजोड म्हणणे आम्हांस जड जाते. वाचकांनी आपली साक्ष, विशेषतः ती आमच्याविरुद्ध असल्यास, पत्ररूपाने अवश्य धाडावी.