गुडघ्याचे किती टक्के?

मागच्या आठवड्यात चोरखमाऱ्याला मावसभावाकडे गेलो, तर हा धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला. बांधीत रोवणा चालू, बायका चिखलात वाकलेल्या, वहिनी पऱ्ह्यांच्या जुड्या फेकतेय आणि घरचा कर्ता माणूस खुर्चीत. फेब्रुवारीत तिरोड्याच्या रस्त्यावर एका कारनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. डावा पाय गुडघ्यापाशी मोडला. गोंदियातून नागपूरला नेलं, दोन ऑपरेशनं झाली, पायात सळई आहे.

मी टेकतो न टेकतो तोच त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "अडीच लाख देते म्हणते जी कंपनी. करून टाकू का सही?"

कारची विमा कंपनी कोणती ते सोडा. आकडा मात्र ओळखीचा वाटला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख ठरवून दिलेत. चूक कोणाची हे त्यासाठी सिद्ध करावं लागत नाही. उसनवारीवर दवाखाना केलेल्या घराला ही मोठीच सोय आहे. पण त्या कलमाखाली पैसे स्वीकारले की कलम 166 खालचा मोठा दावा संपतो. अडीच लाख आधी घेऊ, उरलेल्यासाठी मग भांडू, असं जमत नाही. उलट विमा कंपनीचा प्रस्ताव मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर नाकारला, तर हक्क कुठं जात नाही, केस गुणदोषावर पुढं चालते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "नंतर काहीच मिळणार नाही" एवढंच कानावर घातलेलं.

मग अपंगत्वाच्या टक्क्यांचं निघालं. डॉक्टरांनी तोंडी तीसेक टक्के सांगितलंय, रीतसर सर्टिफिकेट अजून व्हायचंय. कंपनीचा माणूस म्हणतो, तीस टक्के पायाचे, अख्ख्या शरीराचे दहाच. ऐकायला बरोबर वाटतं, आणि अर्धं खरंही आहे. पायाचे टक्के जसेच्या तसे शरीराला लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानंच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात म्हटलंय. पण त्याच निकालात पुढचा प्रश्नही आहे: हा माणूस करत काय होता? हात गेलेल्या ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच बसतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. मोजायची ती कमाईची घट.

आता माझा भाऊ काय करतो? पावसाळ्यात दोन एकर धान. बाकीचे महिने गेटवरून पर्यटकांना घेऊन नागझिऱ्याच्या अभयारण्यात जिप्सी चालवतो. रोवण्याला गुडघा लागतो, आणि क्लच तर डाव्याच पायाखाली असतो.

धुऱ्यावरच मोबाइलवर हिशेब केला. वय 38. महिना बारा हजार धरले, वर्षाचे 1,44,000. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी 40 टक्के जोडतात, ते 2017 च्या प्रणय सेठी निकालामुळे. झाले 2,01,600. या वयाला गुणक 15, तो 2009 च्या सरला वर्मा निकालातला. एकूण 30,24,000. याचे दहा टक्के 3,02,400 आणि तीस टक्के 9,07,200. पाय तोच, गुडघाही तोच. शिवाय दवाखाना, वेदना, माणूस सोबत ठेवल्याचा खर्च यात नाहीच. न्यायाधिकरण नेमकं एवढंच देईल असं नाही, पण सही करण्याआधी हा हिशेब शेजारी असायला नको का?

वहिनीनं बिलांची पिशवी आणून दिली. औषधांची निम्मी बिलं त्या चकचकीत कागदावरची. टिनाच्या छपराखाली चार महिन्यांत अक्षरं पुसट झालेली, दोन तर कोरीच. नागपूरला नेलेल्या गाडीच्या भाड्याची पावतीच नाही. मला कंपनीपेक्षा त्या कागदाचाच जास्त राग आला. उरलेल्या बिलांच्या झेरॉक्स काढायला पिशवी मी घेऊन आलो.

सेटलमेंट वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. तारखांना गोंदियाला जायचं म्हणजे दर वेळी मजुरी बुडणार, आणि सावकार तारखा मोजत नाही, व्याज मोजतो. लोकअदालतीत नीट आकड्यावर जमलं तर घ्यावं. फक्त तिथल्या तडजोडीवर अपील नसतं, हे माहीत असू द्यावं. पण हाड बसलं नाही, सर्टिफिकेट हातात नाही, तेव्हाच दारात आलेल्या घाईला मी भितो.

घाई करायची ती दुसऱ्याच गोष्टीची. 1 एप्रिल 2022 पासून दावा सहा महिन्यांत दाखल करायची अट आलीय. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोण बसणार? फेब्रुवारीचा अपघात, म्हणजे ऑगस्टच्या आत. दावा आपण राहतो त्या भागातही करता येतो. तिरोड्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं सोमवारी जायचं ठरलं.

निघताना मी विचारलं, ऑक्टोबरात गेट उघडेल तेव्हा गाडीवर बसशील का? डावा पाय पुढं करून त्यानं हवेतच क्लच दाबून दाखवला. गुडघा अर्ध्यावर अडला. मग दोन्ही हातांनी मांडी उचलून त्यानं पाय परत जागेवर ठेवला.