सोडवणे आणि सोडणे

'कॅट' नावाच्या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या सरावाशी. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायाचा प्रश्न चुकला की १ वजा. म्हणून क्लासवाले प्रश्न सोडवायला कमी आणि सोडायलाच जास्त शिकवतात! गवळ्याने दुधात पाणी घातलं तर नफा शेकडा किती, हे आमचा पुतण्या तोंडी सांगतो. (बी.कॉम. असून मला कागद लागतो.) गवळ्याचं काय करायचं, हे मात्र चारही पर्यायांत नसतं. उद्या हाच साहेब होऊन एखाद्या शाखेत बसणार. पेन्शनचा हिशेब न जुळलेल्या आजी आल्या, की म्हणणार, 'प्रश्न वेळखाऊ आहे, पुढचा घ्या.' अहो, आजी अशा सुटत नाहीत; उद्या पासबुक घेऊन त्या पुन्हा हजर!