मोजपट्टी कोणती?

वस्तीत अभ्यासिका चालविणे कष्टाचे. तिचा परिणाम मोजणे त्याहून अवघड. वार्षिक वृत्तात केंद्रे किती, मुले किती, हे आवर्जून सांगितले जाते. त्या आकड्यांतून श्रम दिसतात, शिक्षण दिसत नाही.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. २००५-०६ मध्ये ‘प्रथम’ संस्थेने संशोधकांसह तेथील २८० गावांत एक प्रयोग केला. काही गावांत सभा घेऊन शाळेविषयी माहिती दिली. काहींत त्याखेरीज मुलांचे वाचन ग्रामस्थांकडूनच तपासून घेतले. काहींत याच्या जोडीला तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्गांचे प्रशिक्षण दिले. उरलेली गावे तुलनेसाठी ठेवली. सभा भरल्या, चर्चा झाली. शाळेत मात्र काही बदलले नाही. वाचन सुधारले ते वर्गांना आलेल्या मुलांचे, आणि त्या गावांतील शंभरात जेमतेम आठ मुलेच वर्गांपर्यंत पोहोचली होती. केवळ सभा मोजल्या असत्या, तर तिन्ही उपाय यशस्वी ठरले असते!

म्हणून पद्धतीच्या आधी प्रश्न ठरवावा. सातत्य पाहायचे तर हजेरीपट पुरेसा आहे. वाचन पाहायचे तर प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचून घ्यावे, प्रारंभी एकदा आणि वर्षाखेरीस पुन्हा. सुधारणा आपल्याच कामामुळे झाली काय, हे वर्ग नसलेल्या तशाच वस्तीशी तुलना केल्यावाचून कळत नाही. मुले का गळतात, हे त्यांच्या घरी गेल्यावरच उमगते.

मोजणी म्हणजे कार्यकर्त्यावरील अविश्वास नव्हे. ज्या मुलाची संध्याकाळ आपण मागून घेतो, त्याला द्यावयाचा तो हिशेब आहे.