डबा माझा, स्क्रूही माझे

गेम कन्सोल उघडून त्यात फेरफार केला की माणूस चोर ठरतो, हे मला काही पटत नाही. आमच्या नात्यातल्या एका वकीलसाहेबांना पटतं. परवा फोनवर अर्धा तास वाजलं, मग म्हटलं इथेच लिहावं, म्हणजे बाकीच्या मंडळींनाही चेव येईल!

आता प्लेस्टेशन-२ घ्या. जगभर १५ कोटींहून जास्त खपलेला डबा. डिस्क वाचणारी लेन्स हा त्यातला नाजूक भाग. धुळ्याचा मे महिना आणि गावाच्या नावाला जागणारी धूळ सोसून ती कधीतरी मान टाकतेच. २०१३ च्या सुमारास उत्पादन थांबलं, २०१८ मध्ये सोनीने जपानमध्येसुद्धा दुरुस्ती बंद केली. मग काय, भंगारवाल्याला द्यायचा? २००८ पासून एक युक्ती आहे. मेमरी कार्डावर 'फ्री मॅकबूट' नावाचा छोटा प्रोग्राम टाकायचा आणि जाड मॉडेलला मागून हार्ड डिस्क जोडायची. विकत घेतलेल्या डिस्कची प्रत तिच्यावरून चालते, लेन्स लागतच नाही. कंपनी याला सुरक्षा तोडणं म्हणते. मी दुरुस्ती म्हणतो.

वकीलसाहेब म्हणतात, याच वाटेने फुकटे पायरेटेड गेम खेळतात. खेळतात की! पकडा ना त्यांना. चोर कुलपं फोडतात म्हणून किल्ली हरवल्यावर मी माझ्या घराचं कुलूप फोडायचं नाही?

आणि कायदा तरी नीट वाचा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. सुरक्षा तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात नुसतं कुलूप तोडणंच मना. सवलत हवी तर दर तीन वर्षांनी मागायची. या एका बाबतीत दिल्लीने जास्त अक्कल दाखवली म्हणायची.

विकलेल्या मालात नंतर हात घालतं कोण? पीएस-३ वर लिनक्स चालायचं. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोयच काढून घेतली (आणि हे एप्रिल फूल नव्हतं). मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतल्या करारात लिहिलं, फेरफार केलात तर यंत्र कायमचं निकामी करू शकतो. अहो, पैसे मोजून घेतलेलं यंत्र! धुळे-मालेगावच्या एखाद्या यंत्रमागवाल्याला असं सांगून बघा. मागाचा कुठला भाग मूळचा आणि कुठला लेथवर घडवलेला, हे त्यालाही आठवत नसतं. कापड मात्र निघत असतं.

फेरफार करून ऑनलाइन खेळात फसवणाऱ्याला खुशाल हाकला, तक्रार नाही. सर्व्हर त्यांचा आहे.