पितळी पातेल्यातील दूध आणि बाळाचे लिव्हर: पुण्यातील डॉक्टरांचे संशोधन आज का आठवायचे?

सातारा असो वा सांगली, भांड्यांच्या दुकानांत पितळी पातेली पुन्हा दर्शनी भागात आली आहेत. मोबाइलवरही ‘आजीच्या स्वयंपाकघरातील भांडी’ म्हणून त्यांची जाहिरात होते. मात्र आजीच्या स्वयंपाकघरातील एक गोष्ट या जाहिरातींत क्वचितच दिसते, ती म्हणजे कल्हई. तिचा थेट संबंध लहान मुलांच्या यकृताशी आहे.

आजार कोणता होता?

‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ हे त्याचे नाव. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना तो होत असे. पोट फुगायचे, यकृत कडक व्हायचे, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुले दगावायची. एकाच घरात पाठोपाठ दोन मुले गेल्याचीही उदाहरणे होती. त्यामुळे दोष आनुवंशिक असावा, असा अनेकांचा समज होता.

पुण्यात काय सापडले?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या आजारावर अनेक वर्षे काम केले. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असल्याचे १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून पुढे आले. मग प्रश्न उरला, एवढे तांबे बाळाच्या पोटात गेले कसे?

उत्तरासाठी डॉक्टरांनी आयांना साधे प्रश्न विचारले. वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवता? कशात ठेवता? आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले वा ठेवले जात होते. हा निष्कर्ष १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला.

दुधात तांबे कसे उतरते?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर. हा थर उडाला की दूध थेट पितळेला लागते. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते आणि ते दुधासोबत बाळाच्या पोटात जाते. जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची क्षमता तान्ह्या बाळाच्या यकृतात पुरेशी नसते. आईच्या दुधात मात्र तांबे अगदी कमी असते.

मग आजार गेला कसा?

पेनिसिलामाइन या शरीरातील तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने लवकर निदान झालेली काही मुले वाचली. यकृत प्रत्यारोपणाचा मार्ग तेव्हा नव्हताच. भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये झाले. खरा फरक पडला तो स्वयंपाकघरात. स्टीलची भांडी आली, बाळाचे दूध पितळेत तापवू नका हा सल्ला पोहोचला आणि आजार जवळपास दिसेनासा झाला.

पितळ वापरणाऱ्या प्रत्येक घरात मूल आजारी पडले नाही. त्यामुळे आनुवंशिकतेचाही वाटा असावा, असे काही संशोधक मानतात. तांबे हेच मूळ कारण का, यावरही वाद झाला. पण ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही असाच आजार होता. तिथे १९०० ते १९७४ दरम्यानची १३८ मुले नोंदली गेली. तांब्याची भांडी मागे पडली आणि तिथलाही आजार संपला.

आज काय करायचे?

- बाळाचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवा आणि ठेवा.
- सहा महिन्यांपर्यंत शक्यतो फक्त आईचे दूध द्या.
- पितळी पातेले स्वयंपाकाला वापरायचे असेल तर कल्हई करून घ्या. आतला पिवळा धातू दिसू लागला की पुन्हा करा.
- ताक, आमटी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका.

यकृताची चर्चा आज बहुतेक वेळा प्रत्यारोपण, दाता आणि लाखोंचा खर्च इथेच येऊन थांबते. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी प्रत्यारोपण जीवदान आहेच. पण त्या वेळी असंख्य बाळांचे यकृत वाचले ते ‘दूध कशात तापवता?’ या एका प्रश्नामुळे. पितळेची हौस जरूर करावी. फक्त भांडी विकणाऱ्यांनी कल्हईची सूचना ठळक द्यावी, आणि लसीकरणाला आलेल्या आईला आरोग्य केंद्रात हा प्रश्न पुन्हा विचारला जावा.