गर्भिणीच्या रक्तातील शिसे आणि आपले उत्तरदायित्व

गर्भिणी परिचर्येत पांडुतेचा विचार आपण सर्वच चिकित्सक करतो. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी दिसले की लोहकल्पाची योजना होते. परंतु पथ्य व औषध नियमित चालू असूनही रक्त वाढत नसेल, तर कारणांचा शोध पुढे न्यावयास हवा. त्या कारणांत रक्तातील शिशाचा विचार आपण क्वचितच करतो.

शिसे हिमोग्लोबिनच्या निर्मितीत अडथळा आणते. लोह व कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात ते अधिक शोषले जाते. पूर्वी अस्थींत साठलेले शिसे गर्भावस्थेत पुन्हा रक्तात उतरते आणि अपरेमार्गे गर्भापर्यंत पोहोचते. त्यामुळे गर्भाची वाढ खुंटण्याचा व ३७ आठवड्यांपूर्वीच प्रसूती होण्याचा धोका वाढतो. अकाली जन्मलेल्या बालकाचा मेंदू आधीच अपरिपक्व असतो. त्यावर हा विषभार म्हणजे दुहेरी आघात होय.

या विषयाचा आपल्या व्यवसायाशी थेट संबंध आहे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातील आयुर्वेदीय औषधे घेतलेल्या सहा गर्भिणींमध्ये शिशाची विषबाधा आढळली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध केला. शास्त्रोक्त शोधन-मारण केलेल्या भस्माने अपाय होत नाही, असे उत्तर यावर दिले जाते. तथापि हाती आलेले भस्म तसे सिद्ध झाले आहे की नाही, हे केवळ लेबलवरून कळत नाही. त्यासाठी तपासणीच हवी.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना विनंती की, गर्भिणीस सिंदूर, भांड्यांची कल्हई, घराजवळील बॅटरीचे काम आणि बिनलेबलाच्या पुड्या यांविषयी आवर्जून विचारावे. पांडुता हटत नसल्यास रक्तातील शिसे तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो थांबवणे आवश्यक आहे. अशा रुग्णेस विलंब न करता अहवालासह प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. आपल्या स्तरावर शोधनाचे प्रयोग करू नयेत.

औषधी विक्रेत्यांनी प्रत्येक बॅचचा धातुपरीक्षण अहवाल उत्पादकाकडून मागून घ्यावा व वैद्यांच्या लेखी सूचनेविना गर्भिणीस रसकल्प देऊ नये. नागघटित कल्प तर तिला देऊच नयेत.

गर्भ मातेच्या आहाररसावर पोसला जातो, हे आपलेच शास्त्र सांगते. तो रस निर्विष राखणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते.